जेल लावलं की गोळी नाही

मैत्रिणींनो, आज दुपारी सासूबाईंना दवाखान्यात नेलं होतं. येवल्यात वर्षानुवर्षं मागावर पैठण्या विणून त्यांचा उजवा खांदा गेलाय.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, झोपेची गोळी रोज घेता ना?"

"एक दिवसाआड. खांद्याला जेल लावलं की गोळी नाही, गोळी घेतली की जेल नाही. सूनबाई म्हणाली, दोन्ही एकदम घेतलं तर तुम्ही सकाळी उठायच्या नाहीत."

मी ते महिन्यापूर्वी हसत म्हणाले होते, कारण दोन्ही एकदम चालतं का, हे त्या पाचव्यांदा विचारत होत्या. तेव्हापासून त्यांची एक रात्र खांदा ठणकत जायची आणि दुसरी टक्क जागं राहून.

डॉक्टर त्यांनाच म्हणाले, "तुमच्या या गोळीसोबत हे जेल चालतं. जखमेवर लावू नका, लावून हात धुवा. झोप आली नाही तरी दुसरी गोळी घ्यायची नाही."

रिक्षात बसल्यावर मी पहिलं काय बोलले? "डॉक्टरांसमोर माझं नाव घ्यायची काय गरज होती?"

त्या हळूच म्हणाल्या, "तुलाच परत विचारणार होते गं. पण तू चिडली असतीस."

तुमच्या घरी तुम्हाला विचारायला कोण घाबरतं? मला आज कळलं.