या कानाशी बोला

कुंदाताईंशी बोलायचं तर आधी बाजू बघून बसावं लागे. डाव्या कानात कायम इयरफोन, त्याची वायर पदराखालून कमरेला खोचलेल्या वॉकमनपर्यंत गेलेली. वसईजवळ राजोडीला त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ओट्यावर नेमका डाव्या अंगाला बसलो आणि माझी सगळी ओळख सांगून टाकली. बाई ढिम्म. शेवटी त्यांनी हात वर केला. "अहो, त्या कानाशी काय बोलताय? तो कामात आहे. इकडे या, या कानाशी बोला. पण लवकर आटपा हं, हा आप्पांचा आहे."

आप्पा म्हणजे त्यांचे वडील. आतल्या खोलीत खाटेवर. लकव्याने अर्धं अंग गेलं, वाचा गेली, हातात उरली एक काठी. ती फरशीवर आपटली की कुंदाताई असतील तिथून उठणार. आप्पांना आवाज सोसत नसे. भांडं पडलं तरी लहान मुलासारखे रडायला लागत आणि मग दिवसभर आवरत नसत. त्यामुळे त्या घरात सगळं कुजबुजत चाले. आई कधीच गेलेली, भाऊ आखातात. ताईंचं लग्न "करू, करू" म्हणता राहून गेलं, की राहू दिलं गेलं, देव जाणे. मला राहू दिलं गेलं हेच खरं वाटतं, आणि त्याचा मला अजून राग येतो.

आमची ओळख इंटरनेटवरची. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि किंचाळत यायचं. सिनेसंगीतातल्या वाद्यवृंदाच्या वेड्यांचा आमचा एक गट होता, ई-मेलवर चालणारा. कोणी नागपूरचं, कोणी डोंबिवलीचं, कोणी थेट अमेरिकेतलं. मी बोळिंजला नवा फ्लॅट घेऊन आलेला. गायकांवर आमचा राग नव्हता. पण आमच्या बैठकीत गाणं सुरू झालं की चहा सांगायचा, गप्पा मारायच्या, आणि कडवं संपून व्हायोलिनं आली की कप खाली ठेवून गप्प बसायचं, असा रिवाज होता. बाहेरच्या माणसाला आम्ही नक्कीच येडे वाटत असू.

या गटात कुंदाताईंच्या ई-मेलची वाट बघितली जायची. भावाने स्वतः येण्याऐवजी कॉम्प्युटर पाठवला होता. दुपारी आप्पांचा डोळा लागला की त्या मोडेमवर उशी दाबून धरत, किंचाळणं संपलं की लिहायला बसत. इंग्रजी अक्षरांत मराठी, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. पण काय लिहायच्या! "बासरी आली म्हणून सगळे खूश होतात मला तिच्या आधी श्वास घेणारा माणूस ऐकू येतो तो बिचारा घाबरलेला आहे," असं काहीतरी. आम्ही धावत जाऊन कॅसेट लावायचो, आणि श्वास खरंच असायचा.

त्यांचा सगळ्यात गाजलेला ई-मेल एका जुन्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतावरचा. नायिका घर सोडून निघते तेव्हाचा तुकडा. ताईंनी लिहिलं होतं, की व्हायोलिनं वर चढत जातात आणि एकदम थांबतात. मग काहीच नाही. सगळे वादक हातात गज धरून बसलेत आणि संगीतकार त्यांना वाजवू देत नाही. दार उघडं आहे आणि बाई उंबऱ्यात उभी आहे, तेवढा वेळ. मग पुन्हा व्हायोलिनं. "काहीच न वाजवायची एवढी हिंमत कोणाची असते हो," असं शेवटी होतं. मी ते वाचून रडलो होतो. बायकोने विचारलं, ऑफिसात काही झालं का.

यावर पुण्याचे एक प्राध्यापक उखडले. चूक दिसली की त्यांना जेवण जात नसे. "बाई, टेपचं हेड साफ करा. त्या जागी सगळे चेलो वाजतात, आणि चांगले दणकून वाजतात." चेलो म्हणजे व्हायोलिनचा तो खर्जातला जाडजूड थोरला भाऊ. ताईंनी लिहिलं, तिथे काही नाही, मी रोज ऐकते. प्राध्यापकांनी लिहिलं, आहे. गटात दोन तट पडले. ताईंनी मग लिहिणंच थांबवलं. मला ते बघवेना. राजोडी माझ्यापासून स्कूटरच्या टप्प्यात, म्हणून माझी कॅसेट खिशात घालून मी गेलो. हीच ती पहिली भेट.

तिथे मला ती वायर नीट दिसली. इयरफोनला दोन बोंडं असतात. यांच्या इयरफोनचं एकच होतं, दुसऱ्या वायरीला नुसती गाठ. "दुसरं कुठंय?"

"लोंबायचं हो. एकदा आमटीत पडलं. मग विळीवर धरलं न् कापून टाकलं. दोन काय करायचीत? मला गाण्यासाठी एकच कान आहे."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रेकॉर्डिंगमध्ये काही वादक डाव्या बाजूला ठेवलेले असतात, काही उजव्या. त्या तुकड्यात चेलो झाडून सगळे उजवीकडे होते. कापलेल्या बाजूला. मी जमेल तसं समजावून सांगितलं. आधी त्या हसल्या, आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडावर दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग हसू थांबलं.

"म्हणजे हा तुकडा मी अर्धाच ऐकला?"

"हो."

"आणि बाकीचं सगळं?"

मी वायरीच्या गाठीकडे बघितलं. त्या वाडीतल्या केळींकडे बघत राहिल्या. आत काठी वाजली, तशा उठून गेल्या.

पुढच्या रविवारी मी दोन्ही बोंडांचा इयरफोन घेऊन गेलो. म्हटलं, आप्पा झोपलेत तोवर मी बसतो त्यांच्याजवळ, तुम्ही विहिरीवर जाऊन निवांत ऐका. त्या हो-नाही करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आप्पा आजारी पडले तेव्हा सुरुवातीला मी एकदा मागच्या दारी रेडिओ लावून बसले होते. दोन्ही कान देऊन. आत आले तर आप्पा मोरीत पडलेले. काठी हातात होती. आपटलीच असणार की हो त्यांनी." तरी गेल्या. विहिरीपर्यंत पोचल्याही असतील-नसतील, धापा टाकत परत दारात. "वाजली ना?"

"नाही हो ताई. ते झोपलेत. मी इथेच आहे."

"माहितीय मला," त्या म्हणाल्या, आणि इयरफोन गुंडाळून माझ्या हातात दिला. चेलो अजून लांबच होते.

त्या दुपारी गटाला त्यांचा ई-मेल आला. "प्राध्यापक बरोबर आहेत मी एका कानाने ऐकते दुसरा घरकामाला आहे." मग खुद्द प्राध्यापकांनी लिहिलं, "आज मी उजवी बाजू बंद करून ऐकलं. बाई म्हणतात ती जागा तिथे आहे." त्या माणसाबद्दलचं माझं मत त्या दिवशी बदललं. त्यांनीच सुचवलं, की यंदाचा मेळावा वसईत घेऊ, उत्तम स्पीकर आणू, आणि बाईंना उरलेलं अर्धं ऐकवू.

तेवढी एकच गोष्ट आता बाईंना हवी होती. भाऊ रजा काढून येतो म्हणाला. आप्पा परक्याला जवळ येऊ देत नसत, पण मुलाला ओळखत. मेळाव्याच्या सकाळी मी न्यायला गेलो, तर ताई नेसून तयार. डोक्यात वाडीतला मोगरा. गालावर मात्र ओघळ. भावाचा फोन येऊन गेला होता. रजा मिळाली नाही म्हणे. "तुम्ही जा भाऊ, लोक खोळंबले असतील," त्या म्हणाल्या, आणि मोगरा काढून देव्हाऱ्यात ठेवला. मला त्या भावाला आखातातून कान धरून आणावंसं वाटलं.

वसईच्या हॉलमध्ये मी हे सांगितलं. मग प्राध्यापक उठले, वहाणा घातल्या आणि म्हणाले, "कुठंय हे राजोडी?"

रिक्षा करून आम्ही सगळे गेलो. लांबवर उतरलो, वहाणा हातात घेतल्या आणि चोरासारखे अंगणात शिरलो. त्या अंगणात एक सूर वाजवायची सोय नव्हती. प्राध्यापकांनी खुणेने ताईंना ओट्यावर बसवलं, तो तुकडा लावायला सांगितलं, आणि स्वतः एक इयरफोन घालून आपली कॅसेट बरोबरीने सुरू केली. ताईंच्या कानात व्हायोलिनं चढत असणार, कारण त्यांचा हात वर जात होता. मग तो थांबला. तेवढ्यात प्राध्यापकांनी मान हलवली, आणि त्यांच्या मागे उभे असलेले आम्ही सगळे जण, टक्कल पडलेले, पोट सुटलेले, कारकून आणि इंजिनिअर, गुडघ्यांत नसलेले चेलो धरून नसलेले गज ओढायला लागलो. इकडून तिकडे, सावकाश. एक शब्द नाही, एक आवाज नाही. केळीची पानं तेवढी हलत होती. ताई टक लावून बघत होत्या. "केवढे मोठे आहेत हो," त्या कुजबुजल्या.

आणि काठी वाजली. त्या उठून आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, म्हणून आम्ही तसेच, वहाणा हातात घेऊन, निघून आलो.

आप्पा त्यानंतर काही वर्षांनी गेले. भाऊ आला, बारावं-तेरावं केलं, आणि जाताना कानांवर बसणारा भलामोठा हेडफोन ठेवून गेला. मी भेटायला गेलो तेव्हा ताईंनी तो माझ्यासमोर दोन्ही कानांवर चढवला आणि तो तुकडा लावला. मी त्यांचा चेहरा बघत होतो. व्हायोलिनं चढली, हात वर गेला, थांबला. चेलो आले असणार. ताईंनी हेडफोन ओरबाडून काढला आणि आतल्या खोलीकडे धावल्या. मी मागोमाग गेलो. खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती, तिच्यापाशी त्या उभ्या होत्या.

"काठी वाजली," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, हसल्यासारखं करून, "दर वेळी वाजते. ते चेलो सुरू झाले ना, की वाजते."

मी काही महिने गेलोच नाही. धीर होत नव्हता, खरं सांगायचं तर. दिवाळीनंतर गेलो तेव्हा कुंदाताई ओट्यावर मेथी निवडत होत्या. तो भलामोठा हेडफोन खुंटीला टांगलेला. डाव्या कानात जुनंच बोंड, गाठ मारलेली वायर, पदराखाली वॉकमन. आप्पा नव्हते, घरात हवा तेवढा आवाज करायची मुभा होती, तरी चाल कुजबुजीचीच. मी सवयीने उजव्या अंगाला बसलो आणि भरभर बोलायला लागलो, इतक्या वर्षांत तशीच सवय लागली होती. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं.

"सावकाश बोला भाऊ," त्या म्हणाल्या. "हा कान आता मोकळाच असतो."