सतरंजीची बस

मेक्सिकोकाकू लिफ्टमध्ये शिरल्या की आधी लिफ्टमधल्या सगळ्यात लहान माणसाशी बोलत. मग त्याच्याहून मोठ्याशी. आईबापांची पाळी शेवटी, आणि तीही आपला मजला आला नसेल तरच. जपानमध्ये लिफ्टमधली माणसं दारावरच्या आकड्यांकडे बघत गुपचूप उभी असतात. काकू मात्र बाबागाडीत वाकून "काय साहेब, जेवलात का?" असं शुद्ध मिरजेच्या मराठीत विचारत, आणि आतलं जपानी बाळ चक्क खुदकन हसे. त्याची आई गोंधळून दोन-तीनदा मान लववे. मी त्याच लिफ्टमध्ये असले तर मीही आकड्यांकडे बघत असे. या बाई आमच्या कुणी नव्हेत, असं दाखवायचा तो प्रयत्न होता, हे आता लिहून टाकायला हरकत नाही.

एदोगावातल्या आमच्या इमारतीत आम्ही सात-आठ भारतीय कुटुंबं. काकू तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पाचव्या. काका गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत होते. अकरा वर्षं मेक्सिकोत काढून नोकरीच्या शेवटच्या तीन वर्षांसाठी त्यांची इथं बदली झाली होती. काकूंच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी "आमच्या मेक्सिकोत" यायचं, म्हणून इमारतीतल्या पोरांनी त्यांना मेक्सिकोकाकू करून टाकलं. माहेर-सासर दोन्ही मिरजेचं असून त्यांना "आमच्या मिरजेत" म्हणताना मी फारसं ऐकलं नाही.

जपानी त्यांना एक अक्षर येत नव्हतं आणि त्याचं दुःखही नव्हतं. त्या सगळा संसार चित्रांवरून चालवत. कचऱ्याच्या तक्त्यावर बाटलीचं चित्र कुठल्या वाराला आहे, शाम्पूच्या बाटलीवर केस आहेत की भांडी, हे त्या चष्मा लावून नीट बघत. "चित्र खोटं बोलत नाही गं मृणाल," असं मला सांगत. एकदा हसऱ्या मांजराचं चित्र बघून त्यांनी बिस्किटं आणली, ती मांजरांनाच खायला घालायची निघाली. आम्ही पोट धरून हसलो. काकू म्हणाल्या, "हसताय काय? चित्रात मांजर होतंच की. माझंच लक्ष नव्हतं." मला याची गंमत वाटे आणि थोडी कीवही येई. मी कावासाकीच्या ऑफिसात दुभाषी होते. इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचं इकडे नेऊन पोचवणं, यावरच माझं घर चालत होतं.

दुपारी चारला शाळा सुटली की इमारतीतली आठ पोरं काकूंच्या घरी जमत. त्यांच्याकडे सोफा नव्हता, टेबल नव्हतं, एकही खुर्ची नव्हती. "तीन वर्षांसाठी कशाला लाकडं गोळा करायची?" मधोमध निळ्या-तांबड्या पट्ट्यांची एक लांबलचक सतरंजी असे. तीच बस. पोरं एकामागे एक बसत, काकू कंडक्टर होत, आणि स्वतःच रचलेलं एक गाणं सगळ्यांकडून म्हणवून घेत. मग मेक्सिकोतल्या एका शहराचं नाव घेऊन आरोळी ठोकत, "पुढचा थांबा वाहाका! उतरणाऱ्यांनी दाराशी या!" पाच वाजता, पोरांनी घरी जावं म्हणून, वॉर्डाच्या भोंग्यावर एक धून वाजते. ती वाजली की बस बंद. बाकीची पोरं आपापल्या घरी जात, आणि माझी सहा वर्षांची ईरा मी साडेपाचला येईपर्यंत काकूंबरोबर मटार सोलत बसे.

साहजिकच ईरानं मेक्सिकोचा हट्ट धरला. मी काकूंना म्हटलं, "एवढ्याशा मुलीला तिथं काय कळणार? ते पिरॅमिड, ती देवळं..." काकू म्हणाल्या, "पिरॅमिडचं मुलांना काही नसतं. आमच्या मेक्सिकोत मूल दुकानात शिरलं की आधी त्याला विचारतात काय हवं, मग आईला. मूल रडलं तर शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून येतो, आणि तो तक्रार करायला येत नाही. त्यामुळं आईबाप चारचौघांना घाबरत नाहीत. मुलांना ना, असे न घाबरणारे आईबाप फार आवडतात." हे मला उद्देशून आहे असं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

वर्षअखेरच्या सुट्टीत आम्ही दहा दिवस गेलो. वाहाकाच्या बाजारात तिखट-मीठ-लिंबू लावलेल्या कैरीच्या फोडी खाऊन ईरा डोळ्यांतून पाणी काढत होती आणि आणखी मागत होती. तव्यावर मक्याच्या भाकऱ्या भाजणाऱ्या एका बाईनं तिला "रेइना", म्हणजे राणी, अशी हाक मारून पिठाचा गोळा तिच्या हातात दिला. ईरानं थापलेली ती वेडीवाकडी भाकरी बाईनं भाजली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला वाढली. त्यानं ती सगळ्यांना दाखवत खाल्ली. बसमध्ये ईरा मधल्या वाटेत उभी राहून काकूंसारखी आरोळी ठोके, आणि कोंबड्यांची टोपली घेतलेले एक आजोबा दर वेळी उतरण्याचं सोंग करून पुन्हा बसत. सातव्या-आठव्या दिवशी माझा नवरा निखिल मला म्हणाला, "तू इथं आल्यापासून एकदाही तिला 'शूऽ, गप्प' केलेलं नाहीस." खरंच केलं नव्हतं.

परतल्यावर विमानतळावरून घरी येताना, ट्रेनचे दरवाजे बंद झाले आणि ईरा उठून उभी राहिली. "पुढचा थांबा वाहाका!" कुणी वळून बघितलं नाही. जपानात कुणी बघत नाही, तेव्हाच आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे हे समजावं. मी तिला खाली खेचलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला. माझ्या तळव्याखाली तिचे ओठ थोडा वेळ हलत राहिले, मग थांबले. मी हात काढला तरी ती घर येईपर्यंत बोलली नाही.

त्याची भरपाई म्हणून असेल, घरात मी तिला मोकळीक दिली. आमच्याकडे जेवणाचं टेबल होतं आणि चार खुर्च्या होत्या. साडेपाचला काकूंकडून वर आली की ईरा त्या चारही खुर्च्या ओढत एका ओळीत लावी. माझा स्वयंपाक होईस्तोवर तिची बस चाले, आणि दर थांब्याला खुर्च्या पुन्हा सरकत. खाली चौथ्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहत होतं आणि त्यांना नुकतंच बाळ झालं होतं. हे मला माहीत होतं.

महिन्याभरानं सगळ्यांच्या टपालपेट्यांत एक कागद आला. असा कागद इथं इमारत सांभाळणारी कंपनी काढते. त्यात तक्रार कुणाची ते नसतं, कुणाविरुद्ध तेही नसतं. ज्याचं त्यानं ओळखायचं. लिहिलं होतं की संध्याकाळी साडेपाचनंतर मुलांच्या धावण्याचा आणि खुर्च्या ओढण्याचा त्रास होतो. खाली दोन चित्रं होती, एक पळणारा मुलगा आणि एक खुर्ची, पायांखाली वाकड्यातिकड्या रेघा काढलेली. मी वाचत असतानाच काकू तोच कागद हातात घेऊन आल्या. "बघ गं, काय म्हणतायत?"

मी त्यांच्या हातातला कागद घेतला आणि खुर्चीच्या चित्रावर अंगठा ठेवला. म्हणाले, "मुलांचा आवाज होतो, अशी तक्रार आहे. संध्याकाळचा."

"कुणाच्या घरचा?"

"तसं लिहीत नाहीत इथं."

काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मग माझ्याकडचाच असणार. आठ पोरं जमतात माझ्याकडे." मी "नाही" म्हणायला हवं होतं. दोन अक्षरांचा शब्द, आणि तोही मराठीतला. पण मला चौथ्या मजल्यावरची ती बाई दिसली, ऑफिसातली माणसं दिसली, 'भारतीय लोक' म्हणून मनात नोंद करणारे सगळे अनोळखी चेहरे दिसले. मी म्हटलं, "आपण तुमच्या खालच्या आजींना भेटून माफी मागू या. इथं तशी पद्धत आहे."

माफी मागायला जाताना इथं मिठाईचा बंद खोका नेतात. तो मीच आणला. दुसऱ्या दिवशी मी, काकू आणि काकूंचं बोट धरून ईरा, अशा आम्ही दुसऱ्या मजल्यावर गेलो. काकूंनी मी शिकवल्याप्रमाणे कमरेतून वाकून खोका पुढे केला. एकट्या राहणाऱ्या त्या जपानी आजी घाईनं म्हणाल्या, "तक्रार माझी नाही हो. चार वाजता वरून गाणं सुरू झालं की मी चहा ठेवते. माझी ती वेळच झाली आहे. कृपा करून मुलांना थांबवू नका." एवढं बोलून त्यांनी गाण्याची चाल गुणगुणून दाखवली आणि ईराच्या हातात चार संत्री ठेवली.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतायत?"

आजींची तक्रार नाही म्हटलं असतं, तर मग कुणाबद्दल आहे, हा प्रश्न आला असता. मी म्हणाले, "म्हणतात, ठीक आहे, काळजी घ्या."

"रागावलेल्या दिसत नाहीत गं."

"इथं राग दिसत नाही, काकू."

ईरा मान वर करून माझ्याकडे बघत होती. तिचं जपानी माझ्याहून चांगलं आहे.

त्या दिवसापासून सतरंजी गुंडाळली गेली. काकूंनी प्रत्येक पोराला दाराशीच सांगितलं, "बस गॅरेजला गेलीय." पुढे लिफ्टमध्येही त्यांचा आवाज खाली आला. चारच्या सुमाराला त्या कुठं दिसल्या तर इमारतीसमोरच्या बाकावर एकट्या दिसत. त्याच आठवड्यात मी शंभर येनच्या दुकानातून खुर्च्यांच्या पायांना घालायचे लोकरीचे मोजे आणले, चार खुर्च्यांचे सोळा. पुन्हा कागद आला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी एकदा मला लिफ्टमध्ये विचारलं, "मुलं आजारी आहेत का?" मी म्हटलं, अभ्यास वाढलाय. हे तर मला कुणी भाषांतर करायलाही सांगितलं नव्हतं.

चार महिन्यांनी काका निवृत्त झाले. निघायच्या आदल्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या त्या काखेत सतरंजी घेऊन. ती त्यांनी ईराच्या हातात दिली. "ही तुला. खुर्च्यांची बस वाजते गं. ही वाजत नाही." मग खुर्चीवर बसून त्यांनी खाली बघितलं. "मोजे छान आहेत हो. रंगही छान निवडलास."

मी म्हणाले, "काकू, त्या कागदावर..."

"खुर्ची होती. तुझा अंगठा यायच्या आधीच बघितली होती मी. चित्र खोटं बोलत नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुला अजून इथं राहायचंय, पोरीला वाढवायचंय. आम्ही काय, तेव्हाच चार महिन्यांचे पाहुणे होतो. आमच्या नावावर गेलं तर काय बिघडतं? चहा टाक बघू." मी चहा टाकला. साखर घालायची विसरले, आणि त्यांनी तो तसाच प्यायला.

त्यांनी मला माफ केलं, असं मी तीन वर्षं धरून चालले. ईरा आता नऊ वर्षांची आहे. ट्रेनमध्ये ती पुस्तक उघडून बसते, तिला गप्प करावं लागत नाही. शेजारच्या बायका म्हणतात, किती शहाणी मुलगी. ते ऐकून प्रत्येक वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. गेल्या महिन्यात आम्ही तिला विचारलं, यंदा पुन्हा मेक्सिकोला जायचं का? ती जपानीत म्हणाली, "नको. परत यायला लागतं ना." आणि मग मराठीत, शब्द शोधत, तिनं मला विचारलं, "आई, गाणं थांबवू नका असं त्या आजी म्हणाल्या होत्या. तू काकूंना का नाही सांगितलंस?"

त्या रविवारी सकाळी मी मिरजेला फोन लावला आणि आजी काय म्हणाल्या होत्या ते पहिल्यापासून सांगितलं. चहा, चार वाजताची वेळ, गुणगुणलेली चाल, सगळं. पलीकडे भाजीवाल्याची हाक ऐकू येत होती.

"कागदाचं मला काहीच नव्हतं गं," काकू म्हणाल्या. "तो माझ्याबद्दल नाही हे ठाऊक होतं. मी तुझ्यासाठी आले होते. पण त्या दारात तू 'काळजी घ्या' म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, बोलत नसल्या तरी यांनाही त्रास होतच असणार. म्हणून बस बंद केली मी. तीन वर्षं वाटत राहिलं, एका एकट्या बाईला आपण छळलं." मग म्हणाल्या, "एवढं तरी सांगायचं होतंस, मृणाल."

मी "चुकलं" म्हणाले.

"आहेत का गं त्या अजून? माझा निरोप सांगशील?"

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दारावरची नावाची पाटी मागच्या हिवाळ्यात निघाली. आजी गेल्याचं त्यानंतर दोन दिवसांनी कळलं. ते मी काकूंना सांगितलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही.