मेनकाकांच्या स्वयंपाकघरातला दिवा

गल्लीत त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना मेनकाकाच म्हणायचे. जन्मभर वायरमनचं काम केलं आणि कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यातूनच यांचा प्रश्न, "मेन पाडला का?" अख्ख्या घराचा मेन स्विच बंद झाल्याशिवाय हा माणूस शिडीला पाय लावायचा नाही. मग काम पंख्याचं असो नाहीतर दारावरच्या घंटीचं. लोक वैतागायचे. वैतागोत बापडे! मेन पडला की काका वर चढणार आणि खाली कुणीतरी शिकाऊ पोरगा शिडी धरणार. स्वतः काकांनी आयुष्यात दुसऱ्याची शिडी कधी धरली नाही.

आता मात्र उजवा हात कापायचा. कप तोंडाशी येईतो निम्मा चहा बशीत. अशात स्वयंपाकघरातल्या छताचा दिवा आचके द्यायला लागला आणि एक दिवस विझला तो विझलाच. काकांनी नवा दिवा आणला खरा, पण तो खोक्यातच पडून राहिला.

"अहो, कुणाला तरी बोलवा ना," काकू म्हणाल्या. "चाचपडत किती दिवस भाजी चिरू?"

"वायरमनच्या घरी वायरमन? वा! माझं नाकच कापून ठेव त्या भाजीबरोबर."

काका चिडले नव्हते, घाबरले होते. बाहेरच्या माणसाने येऊन या घरात दिवा बसवला, की आपण वायरमन उरलो नाही, हातपाय थकलेला एक म्हातारा उरलो, असं त्यांना वाटत होतं.

त्यांची लेक शाळेची व्हॅन चालवायची. सुट्टीच्या दिवशी ती आली आणि खोकं उघडून म्हणाली, "मी चढते बाबा. तुम्ही खालून सांगा."

गल्लीतल्या किती पोरांना काकांनी हे काम शिकवलं होतं, पण लेकीच्या हातात कधी स्क्रू ड्रायव्हर दिला नव्हता.  आज त्यांनी खिशातला टेस्टर काढून तिच्यापुढे धरला.

लेक शिडीवर चढली. काका खुर्चीत बसून हुकूम सोडायला मोकळे. भिंतीवरचं दिव्याचं बटण त्यांनी स्वतः बंद केलं. तिने जुन्या दिव्याचं झाकण काढलं, वायरी दिसल्या, आणि तिचा हात थांबला.

"मेन पाडला का?"

"अगं, तुझ्या आईचं कपड्यांचं मशीन चालू आहे. अर्ध्यात बंद पडलं तर मलाच पिळायला बसवेल. बटण बंद आहे ना? वायरिंग माझ्या हातचं आहे. घाल हात बिनधास्त."

लेकीने हात घातला नाही. आधी टेस्टर टेकवला. टेस्टर लख्ख पेटला.

काकांनी वळून बटणाकडे बघितलं, बंदच होतं. घर नवीन असताना, दिवसभर लोकांची कामं उरकून थकल्या हातांनी त्यांनी हे वायरिंग ओढलं होतं. उरलेले तुकडे, सगळे एकाच रंगाचे. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, बटणातून न्यायची ती सरळ दिव्याला दिली आणि परतीची न्यूट्रल बटणात. दिवा बटणाने लागायचा, विझायचा, कुणाला कशाला संशय येतोय! पण छतात करंट कायम जिवंत. आणि आत्ता, या क्षणी, ते पोटच्या पोरीला म्हणाले होते, घाल हात.

ते धडपडत उठले आणि त्यांनी मेन पाडला. मशीन घरघरत थांबलं.

"काय हो, काय झालं?" काकू ओल्या हातांनीच आल्या.

काकांना थाप मारता आली असती. ते म्हणाले, "चूक झाली माझी. दर सणाच्या साफसफाईला तू बटण बंद करून हा दिवा ओल्या फडक्याने पुसायचीस. तेव्हाही आत करंट असायचा. आज पोरगी गेली असती."

काकू शिडीच्या पायरीला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान! अख्ख्या गल्लीचा मेन पाडलात, आणि घरात आम्ही दोघी..." त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

लेकीने बोर्ड उघडून आधी बटणाच्या वायरी सरळ करून घेतल्या. काका एकेक वायर बोटाने दाखवत सांगत होते. नवा दिवा लागला, स्वयंपाकघर उजळलं. 

ती शिडी मिटायला लागली तसं काकांनी तिला थांबवलं.

"बाकीच्या खोल्याही मीच ओढल्यात. तेव्हाच. सगळ्या तपासून बघ. आधी झाकणं काढ, मग टेस्टर."

मग ते स्वतः जाऊन मेन पाडून आले, शिडी पुढच्या खोलीत लावली आणि कापणाऱ्या हातांनी घट्ट धरून उभे राहिले.

"चढ. मी धरलीय."