नवाबसाहेबांची लाल गाडी

आमच्या टाउनशिपमध्ये सगळ्यांकडे स्कूटर होत्या आणि एकाच माणसाकडे रेसची गाडी. लाल, बुटकी, दोन सीटची, विलायती. माणूस मूळचा नागपूरचा, कारखान्यात फोरमन, हुद्द्याने माझ्याहून एकच पायरी वर. तरी अख्खं भोपाळ त्यांचंच असल्यासारखे सगळे त्यांना नवाबसाहेब म्हणायचे. ते नाव ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

श्यामला हिल्सवरच्या एका बंद बंगल्यातून त्यांनी ती भंगारात उचलली होती. तेच भंगार आधी मी बघून, नाक मुरडून आलो होतो. हे माझं खरं दुखणं. त्यात आमची ही एकदा म्हणाली, "माणसाला नजर असावी लागते." दोन दिवस मी घरात बोललो नाही.

रविवारी ते कॉलनीतल्या लोकांना पाळीपाळीने हबीबगंज स्टेशनपर्यंत फिरवून आणायचे. मी कधी बसलो नाही. त्यांच्याकडे मागायचं म्हणजे कमीपणा. एकदा खोचकपणे म्हटलं, रंग उडालाय, रंगवून टाका की. तर हसून म्हणाले, "अरे, पोपडे निघाले तरी कंपनीचा मूळ रंग आहे. शौकीन लोक त्याचंच मोल करतात. नवा हात फिरला की ही नुसती जुनी गाडी."

रिटायर झालं की क्वार्टर सोडावा लागतो. गाडी विकून त्यांना घर बांधायचं होतं. दिल्लीचा एक शौकीन दिवाळीनंतर बघायला येणारही होता. हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की मला बघवत नसे.

त्या वर्षी विश्वकर्मा पूजेच्या सुमारास ते आजारी बहिणीकडे नागपूरला गेले आणि गाडीच्या शेडची किल्ली विश्वासाने माझ्याकडे ठेवून गेले. पूजेआधी प्रत्येक मशीन धुऊन रंगवायची आमच्याकडे चालच होती. मी कारखान्याच्या शॉपमधला रंगारी नेला आणि गाडी लालचुटुक करून घेतली. वर झेंडूचा हार घातला. लोकांनी वाहवा केली. प्रेमापोटी केलं, असं मी सांगत सुटलो. साफ खोटं.

परत आल्यावर नवाबसाहेब शेडमध्ये गेले आणि हार बाजूला सारून त्यांनी रंगावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "चला, गाडीचीही पूजा झाली."

दिल्लीवाल्याने नखाने रंग खरवडून पाहिला आणि चहासुद्धा न घेता गेला. शेवटी इटारसीच्या एका बँडवाल्याने वरातीसाठी ती घेतली. त्या पैशांत घर होणार नव्हतं. नवाबसाहेबांनी शहराच्या कडेला करोंदला दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

गाडी जायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि किल्ली हातात ठेवली.

"एक चक्कर मारून ये. तू कधीतरी मागशील म्हणून इतकी वर्षं वाट बघितली मी."

मी कारखान्याच्या गेटपर्यंत जाऊन आलो. लाज वाटली, नाही असं नाही. पण ती नंतर. गाडीने वेग घेतला तेव्हा पोटात तीच जुनी आग पेटली. वाटलं, इतकी वर्षं हे सुख रोज त्या माणसाच्या हातात होतं.