कठड्यापाशी काळपट गादी

सोफे दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोकांच्या घरातलं नको तेवढं दिसतं. आमच्या काकांना त्यात देवही दिसतो. इथवर ठीक आहे. पण देवापाठोपाठ त्यांना लगेच शेजारी बसलेला माणूस दिसतो आणि तिथे घोटाळा होतो.

काकांचं दुकान चर्चच्या मागच्या गल्लीत आहे. दारात कायम दोन-तीन खुर्च्या पाय वर करून पडलेल्या, आत काथ्याचा वास आणि जिथे-तिथे फोमचा भुगा. काका जुन्या सोफ्याचं कापड उचकटतात, आत कोपरापर्यंत हात घालतात आणि काय सापडेल ते बाहेर काढतात. कंगवा, चमचा, खेळण्यातल्या मोटारीचं चाक. एकदा कुणाची तरी कवळी निघाली. दुसऱ्या कुणी ती कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाला दिली असती. काकांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "बघ. दात हरवले तरी हा माणूस बसायचा थांबला नाही. प्रार्थना हरवते ती अशीच." नेमकी कशी, ते विचारायची सोय नाही. विचारलं तर सांगतात.

हे "बघ" ज्याला उद्देशून असे, तो मामा. मामा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, काकांचा मेहुणा. काकांची मुलं मामा म्हणत, म्हणून आम्ही सगळी मंडळीच त्याला मामा म्हणू लागलो. दुकानातली वाटणी अगदी साफ होती. लाकूड, स्प्रिंगा आणि पट्टे काकांचे. कापड बेतायचं, कापायचं आणि शिवायचं ते मामाने. काकांना सुईत दोरा ओवता येत नाही आणि मामाने ठोकलेला खिळा कधी सरळ जात नाही. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही आणि दोघांनाही या गोष्टीचा मनापासून संताप येतो.

पूर्वी दुकानात शांतता असे, असं मामा सांगतो. तेव्हा काका मूठभर बारीक खिळे तोंडात धरायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचे आणि चुंबकाच्या हातोडीने उचलून ठोकायचे. खिळे तोंडात असेपर्यंत बोध पोटात राहायचे. मग मामानेच हट्ट करून स्टेपल मारायची गन आणवली. काम झपाट्याने व्हायला लागलं आणि काकांचं तोंड मोकळं झालं. "माझ्याच हाताने मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला," मामा म्हणतो.

त्यात रविवारची भर. उपदेश संपला की आमचे पाळकसाहेब विचारतात, "या आठवड्यात रोजच्या जगण्यातून देवाने कुणाला काही शिकवलं असेल तर सांगावं." लाजऱ्या माणसांनी चार शब्द बोलावेत, हा त्यामागचा हेतू. लाजरी माणसं पायांकडे बघत बसायची आणि काका उभे राहायचे.

खोटं कशाला बोला, बोध चांगले असत. निदान अर्धे तरी. वरून कापड कितीही देखणं असलं तरी आतली स्प्रिंग मोडली असेल तर बसणाऱ्याला टोचतेच. देव कापड बघत नाही, बसून बघतो. हे ऐकून आमच्या पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नर्सबाईंनी डोळे पुसलेले मी पाहिलेत. पण मग दुसरा अर्धा भाग यायचा. "आमच्याच दुकानात असा एक जण आहे. नाव घेत नाही." दुकानात माणसं दोन. सगळ्या माना मामाकडे वळायच्या.

"दाजी, मी तुमच्याकडे कापड कापायला येतो," मामा चर्चच्या पायऱ्या उतरताना म्हणायचा. "नमुना म्हणून येत नाही."

"तुला लागलं ना? म्हणजे वचन पोचलं."

"वचन अजून वाटेत आहे. तुम्ही तेवढे पोचलात."

मधे काकू चालायच्या, दोघांच्याही भावना ओळखून कुणाशीच न बोलता.

असं चाललं होतं तोवर गाद्यांचं काम आलं. वेदीपुढच्या लाकडी कठड्यापाशी गुडघे टेकून आम्ही प्रभुभोजन घेतो. तिथल्या गाद्या इतक्या झिजल्या होत्या की प्रार्थनेपेक्षा कण्हणंच जास्त ऐकू यायचं. पाळकसाहेबांनी काम काकांच्याच दुकानाला दिलं. गर्द हिरवी मखमल आणली. मखमलीला लव असते. एका बाजूने बघितली की ती उजळ दिसते आणि उलट बाजूने काळपट. म्हणून कापणारा प्रत्येक तुकड्याच्या पाठीमागे खडूने बाण काढतो, सगळ्यांची लव एकाच दिशेला जावी म्हणून. मामाने बाण काढून तुकडे कापले. काकांनी ते चौकोनी फळ्यांवर ताणून पक्के केले आणि कठड्याच्या पायथ्याच्या खाचांमध्ये एकेक गादी बसवली.

रविवारी पाहतो तर ओळीत मधोमध एक गादी काळपट. बाकीच्या सगळ्या हिरव्यागार आणि ही जणू रुसून बसलेली.

काका त्या दिवशी पाळकसाहेबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच उठले.

"या ओळीकडे बघा," ते म्हणाले. "ठाण एक, दुकान एक, दोराही एक. पण एक तुकडा उलटा कापला गेला आणि सगळ्या ओळीची शोभा गेली. मंडळीतही असा एखादा असतो. देव त्याला किती समजावतो, पण अंगात वाकडेपणाच असेल तर देव तरी काय करणार? नाव घेत नाही."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कुणीतरी. मामा उठला. कुणाकडे न बघता बाहेर गेला आणि जाताना दार अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सोमवारी तो दुकानात आला नाही. बहिणीकडे निरोप ठेवला, "दाजींना म्हणावं, दुसरा नमुना शोधा." पलीकडच्या रस्त्यावरचा पडदेवाला त्याला कधीचा बोलावत होता. त्याला तो या आठवड्यात होकार कळवणार होता. इकडे काकांच्या दुकानात एका सभागृहाच्या खुर्च्यांचे सांगाडे छतापर्यंत रचलेले आणि शिवणयंत्रावर चादर.

"माझा भाऊ तिकडे गेला की दुकानाला कुलूप लावा," काकू म्हणाल्या. "पट्ट्यांवर कुणी बसत नाही. आणि रविवारी प्रभुभोजन आहे. भावाशी वैर ठेवून तिथे गुडघे टेकू नयेत, हे मला तुम्हीच ऐकवता."

"मग जातो ना मी त्याच्याकडे."

"जा. आणि कमी बोला."

मामाच्या खोलीचं दार अर्धंच उघडलं.

"बोध आणलाय की माफी?" मामाने विचारलं.

"आत तर येऊ दे."

"आधी सांगा."

"माफीचंच बोलायला आलोय. झालं ते मी मनातून काढून टाकलं. चुका सगळ्यांच्याच हातून होतात. मी तुला क्षमा केली."

मामाने दार आणखी थोडं लोटलं.

"दाजी, ही क्षमा घरी घेऊन जा. तिच्यावर ज्याचं नाव आहे तो इथे राहत नाही."

दार लागलं. काका परतले ते धुमसत. उद्धटपणाला काही सीमा, नम्रता कशाशी खातात हे ठाऊक नाही, वगैरे. शेजारच्या चांभारालाही त्यांनी थांबवून ऐकवलं. तो बिचारा हातातला बूट घेऊन तसाच उभा.

शनिवारी चर्च झाडायची पाळी काकूंची होती. धूळ पुसायला त्यांनी कठड्यापाशी बसवलेल्या गाद्या एकेक करून उचलल्या आणि परत ठेवल्या. ठेवून मागे सरकल्या तर ओळ सगळी एकसारखी हिरवी. त्यांनी मधली गादी काढली, फिरवून बसवली. काळपट झाली. पुन्हा फिरवली. हिरवी. कापड सरळच कापलेलं होतं. बसवणाऱ्याने चौकोनी फळी उलटी टाकली होती, बस्स. काकूंनी गादी पुन्हा होती तशी काळपट करून ठेवली, केरसुणी भिंतीला टेकवली आणि दुकानात गेल्या.

"चला."

"कुठे?"

"तुम्हाला आवडतं तसं काहीतरी दाखवते."

काकांनी स्वतःच्या हाताने गादी काढली, फिरवली, बसवली. मग हात फिरवून पाहिला. तोंडात खिळे नसताना नवरा एवढा वेळ गप्प राहिलेला काकूंनी लग्नानंतर प्रथमच पाहिला.

"त्याच्या घरी जाऊन सांगतो," शेवटी ते म्हणाले.

"चूक त्याची, हे सांगितलं होतंत ते कुठे?"

"मंडळीसमोर? हसतील मला."

"माझ्या भावाला हसले तेव्हा तुम्ही त्याला वचन पोचलं म्हणालात."

"पण आता गादी सरळ झाली. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"येईल ना. सगळे म्हणतील, मामा गुपचूप येऊन आपली चूक निस्तरून गेला."

काकांनी भिंतीला टेकवलेली केरसुणी उचलली आणि स्वतःच झाडायला लागले. काकांच्या हातात केरसुणी, हेही नवीनच.

रविवारी मामा आला. काकूंनी त्याला नुसतं "ये, मागे बस" एवढंच सांगितलं होतं. तो शेवटच्या बाकावर, दाराला चिकटून बसला. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला खरा, पण कुणी उठू नये असा त्यांचा चेहरा. काका उठले. आम्ही सवयीने मामाकडे वळलो.

"मागच्या रविवारी मी उलट्या गादीबद्दल बोललो," काका म्हणाले. "कापड सरळ कापलेलं होतं. गादी उलटी बसवली ती मी. कापणाऱ्याची काही चूक नव्हती." आणि मग त्यांनी कापणाऱ्याचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट. ते नाव आमच्यातल्या निम्म्या लोकांना तेव्हा कळलं.

काका खाली बसले. आम्ही वाट बघत राहिलो.

"आणि यातून बोध?" पाळकसाहेबांनी न राहवून विचारलं.

"बोध नाही," काका म्हणाले. "एवढंच."

प्रभुभोजनाला बाकामागून बाक उठत गेले. काकांचा बाक आला तेव्हा काका उठले नाहीत. मामाने क्षमा केली नव्हती, मग कुठल्या तोंडाने जायचं? काकूही बसून राहिल्या. सगळे जाऊन आले. पाळकसाहेब भाकरीचं तबक घेऊन कठड्यापलीकडे उभे. एवढ्यात मागून मामा आला आणि त्यांच्या बाकापाशी थांबला.

"उठा," तो हळू आवाजात म्हणाला. आम्हाला सगळं ऐकू आलं.

"तुझा राग गेला का?"

"नाही. कमी झालाय. उठा."

"तुला गादीचं माहीत होतं?"

"बसल्या जागेवरून दिसलं होतं. पहिल्याच दिवशी."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोध संपायची वाट बघत होतो." मामाने मान खाली घातली. "आणि खरं सांगायचं तर तुमची फजिती व्हावी असं वाटत होतं. पडदेवाल्याकडे जायला कारणही मिळालं. तेही काही बरं केलं नाही मी."

काका उठले. दोघेही कठड्याशी गेले आणि गुडघे टेकून बसले, मधे एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून. काकू मागून गेल्या आणि बरोबर त्या जागेत बसल्या.

"सोमवारी उशिरा येईन," मामा समोर बघत पुटपुटला. "पडदेवाल्याला नाही म्हणून सांगायला जायचंय."

"लवकर ये. खुर्च्या पडल्यात."

"बघतो."

"शू," काकू म्हणाल्या आणि भाकरीसाठी हात पुढे केले.