सुमनताईची नऊ वर्षं

फोन आला तेव्हा मी दहावीच्या वर्गावर होतो. माझी मोठी बहीण सुमनताई प्रयोगशाळेतच हृदयविकाराच्या झटक्याने गेली होती... महिना झाला. भेटायला येणारे हळूच विचारतात, "ते किरणोत्सर्गाचं काही नव्हतं ना?" नव्हतं. ताई या प्रश्नावर हसली असती.

भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिली. वडील भिवंडीत कापडाच्या लूमवर कामाला होते. ऐंशीच्या सुमारास ताई अणुसंशोधन केंद्रात रुजू झाली, तेव्हा आईने विचारलं, "सुमे, तुजं काम तरी काय हाय?"

"आये, वापरून झालेल्या अणुइंधनात जड, किरणोत्सर्गी मूलद्रव्यं उरतात. त्यांच्यात हुबेहूब तशीच वागणारी दुसरी मिसळलेली असतात. ती वेगळी करायची."

"व्हतात?"

"अजून न्हाय."

हे 'अजून न्हाय' सात वर्षं चाललं. त्यांतलं नेमकं हवं तेच मूलद्रव्य ओढून घेईल असा द्राव तिला बनवायचा होता. रविवारी घरी आली की फसलेले प्रयोग ती मला इतक्या चवीने सांगायची, की ते फसलेत हे मी विसरून जायचो. सहा वर्षं झाल्यावर वरिष्ठांनी विषय बदलायला सुचवलं. तिने आणखी एक वर्ष मागून घेतलं, आणि त्याच वर्षी परदेशातल्या एका गटाने नेमकं हेच करून दाखवलं. त्या संध्याकाळी ताई पेढे घेऊन आली.

मी चिडलो. "अगं, हरलीस ना तू!"

"वेगळं होतं, हे तर कळलं! मी वेडी नाही, हे आता छापून आलंय."

मग तिने त्यांचा द्राव बनवून पाहिला. किरणोत्सर्गात तो लवकर खराब व्हायचा. तिचा वेगळं करण्यात कच्चा होता, पण टिकायचा. त्याच्या रेणूत बदल करत ती आणखी दोन वर्षं बसली. एका दुपारी शेजारच्या कारखान्यातून इक्बालभाई लूमच्या खडखडाटावर ओरडले, "मास्टरजी, बहन का फोन!"

मी धावलो. ताई एवढंच म्हणाली, "झालं रे वेगळं..."

घरी येऊन सांगितलं, तर आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "व्हनारच. सुमी काय सोडनारी हाय?"

प्रयोगशाळेची सवय म्हणून ताई कोपरापर्यंत हात धुऊन, नखं तपासून मगच भाकरीला हात लावायची. हल्ली आईही तसंच करते. परवा मी नुसती बोटं बुडवून ताटावर बसलो, तर म्हणाली, "ऊठ. सुमीच्या घरात असं चालत न्हाय."