उरलेले दोन पट्टे

आजवर जगात जेवढे प्राणी चुकीचे छापले गेले, त्या सगळ्यांचं वकीलपत्र आमच्या डॉक्टरकाकांनी घेतलेलं होतं. माणसांवरच्या अन्यायाबद्दल ते बोलत नसत असं नाही, पण कॅलेंडरवरच्या हत्तीच्या पायाला एक नख कमी दिसलं की त्यांचं जेवणातलं लक्ष उडे. ते गुरांचे डॉक्टर. मूळचे यवतमाळकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले, निवृत्त झाले आणि नोएडातच राहिले. मी त्यांची ना भाची, ना पुतणी. करोल बागेत गाड्यांची सीटकव्हरं विकणाऱ्या एका दुकानाच्या वर आमचं मुलांच्या पुस्तकांचं छोटंसं प्रकाशन आहे, तिथे मी मराठीचं काम बघते. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून बसले आहे खरी, पण खरं सांगायचं तर यात त्यांचा विक्षिप्तपणा निम्माच आहे, उरलेला निम्मा माझा नालायकपणा आहे.

ओळख झाली ती कोपर्निकस मार्गावर. तिथे आपल्या राज्याचं जुनं अतिथिगृह आहे, आणि दिल्लीत राहून राजमा-चावलला कंटाळलेली मराठी माणसं त्याच्या कँटीनमध्ये हमखास सापडतात. मी ताटाशेजारी छपाईला जायची पानं पसरून बसले होते. त्यात एक गाय मस्त खळखळून हसत होती. समोरच्या टेबलावरचे एक उंच, सडपातळ गृहस्थ हातात आमटीची वाटी घेऊन माझ्यापाशी आले आणि गंभीरपणे म्हणाले, "ताई, हिला कवळी बसवलीय का?" मग त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, की गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, आणि ही तर दोन्ही ओळी दाखवून हसतेय. मी म्हटलं, जाऊ द्या हो, मुलांचं पुस्तक आहे, चालतं. त्यांनी वाटी खाली ठेवली. म्हणाले, "मुलांचं आहे म्हणूनच चालत नाही." आमटी निवून गेली आणि मी त्या गाईचं तोंड मिटवून घेतलं.

तेव्हापासून आमच्या प्राण्यांच्या पुस्तकांना काका चिकटले ते चिकटलेच. पुस्तकाच्या दुकानात शिरले की ते मुलांच्या कपाटासमोर उकिडवे बसत आणि जिथे चूक सापडेल तिथे सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी आत सरकवून देत. "वटवाघूळ पक्षी नाही. कृपया पाल्यास सांगावे." वाढदिवसाला पुस्तक भेट देत तेही शुद्धिपत्रासकट. एकदा मेट्रोत शेजारच्या मुलाच्या पुस्तकात मोर निघाला, तर काकांनी राजीव चौक ते नोएडा त्या पोराला पिसारा म्हणजे शेपूट नव्हे, शेपूट त्याच्या मागे असतं, हे हिंदीतून समजावलं. पोरगं खूश होतं, आई मात्र डबा बदलून गेली. नातीसाठी घेतलेला कापडी हत्ती त्यांनी दुकानात परत नेला होता, कारण पुढच्या पायाला पाच नखं हवीत आणि त्याला होती तीन. दुकानदार म्हणाला, अंकल, खिलौना है. काका म्हणाले, बच्ची तो असली है ना. काकू कपाळावर हात मारून सांगायच्या, "यांना आमच्या बैठकीतल्या पडद्यांचा रंग विचारा, नाही सांगता यायचा. पण पालीला पापण्या नसतात हे झोपेतसुद्धा सांगतील."

हे खूळ आलं कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. गावच्या शाळेत प्राण्यांचं एकच चित्रांचं पुस्तक होतं, कुलूपबंद कपाटातलं. वर्षातून एकदा गुरुजी ते लांबून दाखवत. त्यात मुंगूस म्हणून जे काढलं होतं ते होतं मांजर. काकांनी शेतात मुंगूस पाहिलेला, रोजचा. बाकीची पोरं गप्प बसली, हे उभे राहिले. गुरुजींनी विचारलं, छापलेलं खोटं आणि तू खरा काय रे? आणि छडी काढली. "मार लागला त्याचं काही नाही," काका म्हणाले, "पण नंतर दोन-तीन दिवस मलाच वाटत होतं, की मी पाहिला तो मुंगूस नव्हता." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला आणि आमच्या सशाच्या मिशांकडे वळले.

त्यामुळे पानं तपासण्याच्या पैशांचं विचारलं तेव्हा त्यांनी नको म्हणून सांगितलं आणि एकच गोष्ट मागितली, तीही इतकी संकोचून की मला आधी कळलंच नाही. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत 'माहिती तपासणी' म्हणून त्यांचं नाव यावं. नोकरीभर त्यांनी अहवाल लिहिले, सही दरवेळी वरच्या साहेबाची. मी म्हटलं, काका, त्यात काय, बिल्कुल टाकू. दिल्लीच्या बागांत आणि अंगणांत दिसणाऱ्या प्राण्यांचं पुस्तक निघणार होतं, त्यात नाव टाकायचं ठरलं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे चित्रं एकदाच छापतात. हिंदी, मराठी, बंगाली, तमिळ, सगळ्यांना तीच. भाषेप्रमाणे बदलतो तो फक्त काळ्या शाईतला मजकूर. म्हणजे चित्रातली चूक वेळेत सांगितली तर सगळ्या भाषांतली सुधारते, आणि नाही सांगितली तर सगळ्यांत राहते. यावेळी सांगायचं काम माझं होतं. काकांनी पानं तपासून नोंदी पाठवल्या. त्यांच्या नोंदी म्हणजे जनावराच्या तपासणीचा फॉर्मच असे: प्राणी, वय, आढळलेला दोष, उपाय. सगळे कागद कोपऱ्यात भोक पाडून काळ्या दोऱ्याने बांधलेले, आणि वर टाके घालताना मारतात तसली पक्की गाठ. दोराही नोकरीतल्या टाक्यांचाच, उरलेला. ती गाठ नखाने सुटायची नाही. कात्रीच लागे.

त्या आठवड्यात मला सोलापूरला जायचं होतं, तिकीट हातात होतं, आणि पुडकं चांगलं जाडजूड होतं. वरचं पान तेवढं दिसत होतं. त्यात मुंगसाच्या शेपटीबद्दल होतं, ती दुरुस्ती मी चित्रकाराला कळवली. कात्री शोधायचा मला कंटाळा आला. पुडकं ड्रॉवरमध्ये टाकलं आणि काकांना मेसेज केला, 'सगळ्या दुरुस्त्या घेतल्या, थँक यू.' त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि सोबत एका बकरीचा फोटो. मी गाडीत बसले आणि शांत झोपले, हे आज लिहितानाही लाज वाटते.

पुस्तक छापून आलं. कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका हॉलमध्ये रविवारी मराठी मुलांचा वर्ग भरतो. दिल्लीत वाढलेली पोरं, 'खार' म्हटलं की आईकडे बघतात आणि आई 'गिलहरी' म्हणाली की मान डोलावतात. तिथे पहिल्या प्रती वाटायच्या ठरल्या. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. काकूंनी मला हळूच सांगितलं, की रात्री त्यांनी ते दुसरं पान दोनदा उघडून पाहिलं, बाकी पुस्तक म्हणे मुलांसोबतच बघायचं. मुलं भोवती बसली, काका वाचू लागले. खारीचं पान आलं. त्यावर लिहिलं होतं, खारीच्या पाठीवरचे पट्टे मोजा बरं. एक सात-आठ वर्षांची मुलगी बोट ठेवून मोजत होती. तिचे बाबा मराठवाड्यातून आलेले, केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला. मोजून झाल्यावर ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आजोबा, हिला तीनच आहेत. आमच्या बाल्कनीत येते ना, तिला पाच आहेत." आणि मग सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून ती घाबरून म्हणाली, "सॉरी, मीच गलत गिना होगा."

दक्षिणेकडच्या खारीला तीन पट्टे असतात, दिल्लीतल्या खारीला पाच, हे मला त्या दिवशी कळलं. काकांना ते किती वर्षांपासून माहीत होतं कुणास ठाऊक. त्यांनी त्या मुलीला जवळ घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तू बरोबर मोजलंस, बेटा. पुस्तक चुकलंय. आणि हे बघ, इथे माझं नाव आहे, म्हणजे मी चुकलोय." मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मला तेवढंही जमलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, मी लिहिलं होतं ना हो, की राहिलं माझ्याकडून? वय झालं, आता भरवसा वाटत नाही. तेव्हा तरी मी खरं सांगावं की नाही? मी म्हटलं, काका, तुम्ही लिहिलं होतं, प्रेसवाल्यांनी जुनी फाइल चालवली. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. आपली स्मरणशक्ती शाबूत आहे या आनंदात त्यांनी प्रेसवाल्यांना माफसुद्धा करून टाकलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात नुसता उजेडच उजेड पडला होता.

दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात हजर. हातात पांढऱ्या पोस्टर रंगाची बाटली आणि अगदी बारीक ब्रश. मराठीच्या प्रती आमच्या मागच्या खोलीत पडून होत्या, त्या सगळ्या खारींना उरलेले दोन पट्टे ते स्वतः काढणार होते. आमचे मालक म्हणाले, अंकल, छोड़िए, कौन गिनता है. काका म्हणाले, एक तो गिन चुकी है. मग रोज मेट्रोने यायचे, डबा आणायचे, दुपारपर्यंत खारी रंगवायचे. पान वाळेपर्यंत पुस्तक उघडं ठेवायचे, त्यामुळे खोलीभर खारी पसरलेल्या असत. मी चहा नेऊन द्यायचे, प्रत्येक वेळी वाटायचं आज सांगू, आणि चहा देऊन परत यायचे. वर ते माझीच समजूत घालत, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमचा काय दोष?"

एक दिवस मागच्या खोलीत फार उकडत होतं म्हणून त्यांना मीच माझ्या टेबलापाशी बसवलं. मी फोनवर होते. ब्रशचा एक केस सुटला होता, त्यांनी खुणेनेच कात्री मागितली. मीही खुणेनेच ड्रॉवर दाखवला. फोन ठेवून वळले तर त्यांच्या हातात ते पुडकं होतं. काळा दोरा, गाठ जशीच्या तशी.

त्यांनी गाठ अंगठ्याने चाचपून पाहिली, जनावराचा टाका धरला आहे की नाही हे पाहतात तशी. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "काका, प्रेसवाल्यांनी काही केलं नव्हतं."

"ते दिसलं," काका म्हणाले. मग त्यांनी कात्रीने गाठ कापली, कागद माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाले, "वाचा आता. दुसऱ्या पानापासून वाचा. पहिलं तुम्ही घेतलंत."

एवढ्यातही माझी ती एक दुरुस्ती त्यांनी जमेला धरली, त्याने मला रडू आलं. मी वाचत गेले, मोठ्याने, रडत रडत, आणि ते समोर बसून पट्टे काढत राहिले. मधल्या कागदांवर 'दोष: नाही' एवढंच होतं. शेवटच्या कागदावर होतं: 'प्राणी: खार. वय: प्रौढ. दोष: दोन पट्टे कमी, दोन्ही कुशींना एकेक. उपाय: सोपा आहे.'

मराठीच्या सगळ्या प्रती पूर्ण झाल्या. बाकीच्या भाषांत आजही तीनच पट्टे आहेत, मराठीतल्या खारीला तेवढे पाच. पहिली पूर्ण झालेली प्रत काका स्वतः त्या बाल्कनीवाल्या मुलीच्या घरी देऊन आले. पुढे काकू गेल्या, आणि मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. फोन करतात, आवाज बारीक झालाय. आपल्याला आता अक्षर दिसत नाही म्हणतात, आणि मी नव्या पुस्तकातली चित्रं त्यांना तोंडी सांगते, अगदी नखांसकट.

शेवटची प्रत मात्र माझ्याकडे आहे. रंगकाम संपलं त्या दिवशी ती समोर आली तेव्हा काकांनी ब्रश माझ्या हातात दिला आणि ही तुम्ही करा म्हणाले. मला ब्रशची सवय नव्हती, एक पट्टा मानेपासून निघून भलतीकडेच गेला. मी ब्रश खाली ठेवला. आता हे काय म्हणतात म्हणून बघत राहिले. कापडी हत्तीचं नखही ज्यांनी सोडलं नव्हतं त्या माणसाने चष्मा कपाळावर चढवला, पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, आणि फुंकर मारत म्हणाला, "असू द्या. खऱ्या खारींचेही असे वाकडे असतात कधीकधी."

त्यानंतर मी दिल्लीत पुष्कळ खारी पाहिल्या, मुद्दाम थांबून पाहिल्या. सगळ्यांचे पट्टे सरळ असतात. काकांनी जाणूनबुजून दिलेली ती एकच चुकीची माहिती, आणि ती मला दिली.